इतिहास-नागरिकशास्त्राचा मोफत शालेय संच, नवी आवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत संच दुरुस्त करायला बसलो तेव्हा चार दिवसांत आटपेल असं वाटलं होतं. उन्हाळा आला. मधल्या काळात शिक्षण परिषदेत, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही लोकांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. तुमचा प्रश्न यात नसेल तर विचारा, पुढच्या वेळी भर घालू.

हा संच म्हणजे नेमकं काय? कुणी केला?

नाशिक शहरातले आणि तालुक्यांतले आम्ही काही शिक्षक, दोन निवृत्त मुख्याध्यापक आणि एक ग्रंथपाल मॅडम. पाचवी ते दहावीसाठी वर्कशीट, कालरेषा, कोरे नकाशे आणि मूळ साधनांचे छोटे उतारे असं त्याचं स्वरूप आहे. पहिला संच २०१३ साली निघाला, तोही एका स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत डबा खाताखाता. पाठ्यपुस्तकाला हा पर्याय नाही. पुस्तकातला धडा शिकवून झाला की मुलांच्या हातात काहीतरी द्यावं, एवढाच हेतू होता आणि आहे.

पैसे?

नाहीत. झेरॉक्सचा खर्च तुमचा.

जुना संच चांगला चालला होता. मग ही उठाठेव कशासाठी?

चांगला चालला होता हीच अडचण. २०१३चं आमचं एक पान सांगतं की महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत. तेव्हा ते बरोबर होतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. आम्ही मूळ फाईल दुरुस्त केली, पण तोवर त्या पानाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, मग मोबाईलवर काढलेला फोटो असं करत ते जिल्हाभर पोचलं होतं. अगदी परवा एका घटक चाचणीत ‘३५’ला बरोबरची खूण केलेली पाहिली. त्या पानावर कुठेही तारीख नव्हती. ते कधी लिहिलं आणि आकडा कुठून घेतला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता.

म्हणून या आवृत्तीतला सर्वांत मोठा बदल पानाच्या तळाशी आहे. तिथे बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापल्या आहेत: पानाचा क्रमांक, शेवटची तपासणी कधी झाली तो महिना आणि माहिती कुठून घेतली ते. झेरॉक्स काढताना कृपया ती पट्टी कापू नका. पान पुरत नसेल तर वरचं शीर्षक कापा, चालेल.

नागरिकशास्त्र बदलतं हे समजलं. इतिहास तर घडून गेला. तो कसा अद्ययावत करणार?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा आला, बहुधा थोड्या चेष्टेच्या सुरात. घडलेलं बदलत नाही, खरं आहे. त्याबद्दल आपण लिहिलेलं वाक्य मात्र चुकीचं असू शकतं, अर्धवट असू शकतं किंवा कुणातरी एकाच्याच बाजूने लिहिलेलं असू शकतं.

आमचीच चूक सांगतो. त्रिरश्मी लेण्यांच्या पानावर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पांडवलेण्यांच्या, आम्ही लिहिलं होतं की ‘लेणे क्रमांक ३ गौतमीपुत्र सातकर्णीने कोरवून घेतले.’ वर्षानुवर्षं मुलांनी ते पाठ केलं. मुळात तिथला लेख सांगतो की हे लेणं दान दिलं गौतमी बलश्रीने, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईने, आणि तेही नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. मुलगा तेव्हा हयात नव्हता. त्या लेखात गौतमीपुत्राची जी स्तुती आहे, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं वगैरे, ती एका आईने करवून घेतलेली आहे. हे कळल्यावर त्या बिरुदाकडे बघायची नजर बदलते की नाही? दान देणारी बाई आमच्या पानावरून गायब होती. शोध काही नवा लागला नव्हता. लेख होता तिथेच होता, आम्ही तो नीट वाचला नव्हता.

काही वेळा बाहेरचं जगही बदलतं. साल्हेर किल्ला बागलाणात आहे, उंची १५६७ मीटर, कळसूबाईखालोखाल राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच माथा. १६७२ची साल्हेरची लढाई आम्ही शिकवत होतोच. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. आपल्या जिल्ह्यातून त्या यादीत साल्हेर आहे. आमच्या जुन्या पानावर वारसास्थळांत अजिंठा, वेरूळ, घारापुरी आणि मुंबईचं रेल्वे टर्मिनस एवढंच होतं. पश्चिम घाट २०१२ साली यादीत आले, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ साली, आणि आम्ही दोन्ही वेळा झोपलेले होतो.

नागरिकशास्त्रात काय काय बदललं ते एकदा सांगून टाका.

देशाच्या पातळीवरचं आधी. ३१ ऑक्टोबर २०१९पासून जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. २६ जानेवारी २०२०ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले. त्यामुळे आज २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमायची तरतूद २०२०मध्ये संपली, म्हणून ‘५४५’ हा आकडा आता पुसा आणि ५४३ लिहा. महिलांना लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; हे तसं भाषेच्या तासाचं, पण मुलं इतिहासाच्या तासालाच विचारतात.

आता गावाच्या पातळीवरचं, कारण खरी फजिती तिथे झाली. ग्रामपंचायतीच्या पानावर प्रश्न होता: ‘सरपंचाची निवड कोण करतं?’ उत्तर होतं: निवडून आलेले सदस्य. २०१७ साली राज्यात सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. आम्ही उत्तर बदललं. २०२०मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांकडे गेलं. पुन्हा बदललं. २०२२मध्ये परत थेट निवडणूक. निफाड तालुक्यातल्या एका सरांनी फोन करून सांगितलं, ‘अहो, पोरांना माहितीये. घरी शाई लावलेली बोटं बघितलीत त्यांनी. तुमचं वर्कशीटच नापास झालं.’ आता त्या पानावर एक उत्तर नाहीच. तीन वर्षं दिली आहेत आणि प्रश्न असा आहे: प्रत्येक पद्धतीत सरपंचाला कुणाचं ऐकावं लागेल, गावाचं की सदस्यांचं? पाचवीतली मुलंसुद्धा यावर तावातावाने भांडतात.

लोकसंख्येचे आकडे अजून २०११चेच कसे?

कारण २०११नंतर जनगणना झालेली नाही. २०२१ची पुढे ढकलली गेली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत नाशिक जिल्हा ६१,०७,१८७ आणि नाशिक शहर १४,८६,०५३ हेच आकडे छापणार, समोर ‘२०११’ लिहून. शहर आता वीस लाखांच्या पुढे असेल असं सगळेच म्हणतात, असेलही. पण ‘म्हणतात’ हा वर्कशीटवर छापायचा आकडा नव्हे. अंदाजच द्यायचा असेल तर मुलांनाच करू द्या: गल्लीत २०११नंतर किती नवी घरं झाली ते मोजून या म्हणावं.

अहमदनगर लिहायचं की अहिल्यानगर?

आजबद्दलचं वाक्य असेल तर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. भूतकाळाबद्दलचं असेल तर त्या काळचं नाव आणि पहिल्या उल्लेखाला आजचंही नाव. हा नियम राजकारणाचा नाही, वाक्य खरं राहावं म्हणून आहे. नाशिक जिल्हा १८६९ साली अहमदनगर आणि खानदेश या जिल्ह्यांतले तालुके तोडून झाला. तिथे ‘अहिल्यानगरचे तालुके तोडून’ लिहिलं तर १८६९ सालच्या कागदात ते नाव शोधणारं मूल रिकाम्या हाताने परत येईल. आपल्या शहराचंही मोगलांच्या काळात गुलशनाबाद असं नाव होतं, त्यामुळे या बाबतीत नाशिककरांनी फार हळवं होऊ नये.

मूळ साधनं मुलांच्या हातात द्या म्हणता. ब्राह्मी लिपीतला शिलालेख सहावीला झेपेल का?

लिपी झेपणार नाही, पण लेखातला हिशेब नक्की झेपेल. आमच्या संचातलं हे सगळ्यांत आवडतं पान आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लेणे क्रमांक १० मध्ये उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. साधारण १९०० वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. (गंगापूर रोडने पुढे गेलं की आजही गोवर्धन गाव लागतं. मुलांना हे सांगितलं की वर्ग जागा होतो.) २००० कार्षापणं एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहणाऱ्या, २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

आता फळ्यावर मांडा. २००० वर महिन्याला शेकडा १ म्हणजे २०. वर्षाचे २४०. आणि २० भिक्खू गुणिले १२? २४०च. एक पैचा फरक नाही. हा हिशेब जुळतो तो क्षण वर्गात बघण्यासारखा असतो. ‘सर, हे तर आपल्या एफडीसारखं झालं,’ असं कुणीतरी म्हणतंच. मग विचारायचं: राजाच्या जावयाने पैसे खजिन्यात न ठेवता विणकरांकडे का ठेवले असतील? विणकर वर्षाला शेकडा १२ देऊ शकत होते म्हणजे त्यांचा धंदा कसा चालत असेल? लेखात पुढे असंही आहे की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फळ्यांवर नोंदवला. म्हणजे नोंदणी आली आणि साक्षीदारही आले.

त्याच पानाला जोडून जोगळटेंभीची नाणी आहेत. सिन्नर तालुक्यातल्या या गावात १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे. सत्ता बदलली हे त्या नाण्यांवर डोळ्यांना दिसतं. साबणाच्या वडीवर एक ठसा मारून त्यावर दुसरा मारायचा, दोन्ही दिसतात. साहित्य घरचंच.

काळाराम मंदिर सत्याग्रह वर्गात घ्यायला भीती वाटते. गावात वाद झाला तर?

भीती समजते. तरी हा विषय टाळू नका, कारण ही आपल्या पंचवटीत घडलेली गोष्ट आहे आणि रामनवमीचा रथ बघायला जाणारी मुलं तुमच्याच वर्गात बसली आहेत.

आधी पानात काय बदललं ते सांगतो. जुन्या पानावरचं वाक्य होतं: ‘अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नव्हता.’ व्याकरणाने निर्दोष वाक्य. पण प्रवेश नव्हता म्हणजे काय? तो कुणीतरी नाकारत होतं. वाक्यात नाकारणारा कुठेच नाही, जणू पाऊस नव्हता तसा प्रवेश नव्हता. नवं वाक्य असं आहे: २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराची दारं बंद ठेवण्यात आली आणि सनातनी मंडळींनी प्रवेशाला विरोध केला. सत्याग्रहात स्त्रियाही होत्या. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड हे स्थानिक नेतृत्वातलं मोठं नाव.

दुसरी दुरुस्ती शेवटाची. आम्ही तो धडा ‘मंदिरप्रवेशासाठी लढा’ इथेच संपवत होतो. मार्च १९३४मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्राचा आशय आता जोडला आहे: हा लढा लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नव्हता, आपल्या स्थितीची जाणीव होऊन त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ला हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा. पंचवटी ते येवला हा रस्ता मुलांना एसटीचा म्हणून माहीत आहे. इतिहासात तो साडेपाच वर्षांचा आहे.

वादाबद्दल: पालक आले तर त्यांच्यासमोर ते पान ठेवा, खालची पट्टी दाखवा. मत तुमचं नाही, तारीख आणि कागद आहे, हे दिसलं की आवाज बराच खाली येतो. माझ्या वाट्याला असा प्रसंग दोनदा आला. एकदा चहा पिऊन मिटला. एकदा नाही मिटला, पण पान तसंच राहिलं.

‘क्रांतिकारक’, ‘बंडखोर’, ‘दरोडेखोर’... कोणता शब्द वापरायचा?

दोन्ही बाजूंचे शब्द दाखवायचे, हे आमचं धोरण. १८५७च्या ऑक्टोबरात सिन्नर भागात नांदूर शिंगोटेजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत ब्रिटिश पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. ब्रिटिश कागद हे सारं टोळी आणि लुटारूंच्या भाषेत सांगतात. आपण आज स्वातंत्र्यलढा म्हणतो. पानावर दोन्ही रकाने आहेत आणि तिसरा रिकामा, मुलांसाठी. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या पानालाही हीच पद्धत.

बालभारतीच्या पुस्तकातली चित्रं आणि धडे आम्ही आमच्या वर्कशीटमध्ये टाकू शकतो का?

पुस्तकांची पीडीएफ मोफत उतरवता येते याचा अर्थ ती कशीही वापरता येते असा नाही. हक्क त्यांचे आहेत. स्वतःच्या वर्गात शिकवताना एखादा उतारा वापरायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकांना मोकळीक आहे. पण तो उतारा संचात घालून राज्यभर वाटायचा तर परवानगी हवी. म्हणून आमच्या संचात पुस्तकातलं एकही चित्र नाही. जी रेखाटनं आहेत ती आमच्या चित्रकला शिक्षकांची, आणि हो, घोडे जरा गाढवासारखे दिसतात हे आम्हाला माहीत आहे.

जुन्या साहित्याचा हिशेब सोपा: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, सरकारी प्रकाशन असेल तर प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर खुशाल वापरा. १९७५ची सुधारित आवृत्ती वाचा, आधार म्हणून सांगा, पण तिची पानंच्या पानं संचात चिकटवू नका. ती २०३५ संपल्यावर मोकळी होईल. नेटवरचा फोटो घेताना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ असं लिहिलंय का ते बघा आणि काढणाऱ्याचं नाव द्या. ‘गुगलवरून घेतला’ हे नाव नव्हे.

आमचा संचही त्याच प्रकारच्या परवान्याखाली आहे. बदला, छापा, वाटा. फक्त कुठून घेतलं ते सांगा आणि तुमचं बदललेलं पानही इतरांना तसंच मोकळं ठेवा.

फाईल उघडली की अक्षरांची खिचडी दिसते.

ती जुनी फाईल आहे. २०१३ची पानं श्रीलिपीत टाईप केलेली होती. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही तिथे ‘पेशवाई’च्या जागी चिन्हं आणि प्रश्नचिन्हं दिसायची. आता सगळं युनिकोडमध्ये आहे, मोबाईलवरही उघडतं. छपाईला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फाँट वापरला आहे.

फाँट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने मात्र आमचा घाम काढला. ते ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांत फरक करत नव्हतं. परिणामी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं झालं ‘सह्याद्रीचा दर्या’, आणि एका पानावर मावळे चक्क समुद्रात उतरत होते. प्रत्येक पान डोळ्यांखालून घातलं आहे, तरी एखादा दर्या राहिला असेल.

नकाशांबद्दल काही काळजी?

देशाची सीमा फक्त भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या. चुकीची बाह्य सीमा छापणं हा १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी संकेतस्थळांवरचे सुबक नकाशे नेमके तिथेच घोटाळा करतात.

ऐतिहासिक नकाशांत दुसरीच गोची असते. शिवकालीन स्वराज्याच्या नकाशावर आजच्या जिल्ह्यांच्या रेषा असल्या की मुलांना वाटतं, महाराजांनी ‘पुणे जिल्हा’ जिंकला. आम्ही आजच्या सीमा पुसून नद्या, घाट आणि किल्ले ठेवले आहेत. ओळख पटायला त्र्यंबक, साल्हेर, मुल्हेर आणि गोदावरी पुरते.

आमच्याकडे नेट नाही, प्रिंटर नाही. द्विशिक्षकी शाळा आहे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर इकडच्या बऱ्याच शाळांची हीच स्थिती आहे, म्हणून प्रत्येक वर्कशीटची एक ‘फळा आवृत्ती’ आहे: फळ्यावर पाच मिनिटांत उतरवता येईल एवढाच मजकूर. केंद्रप्रमुखांकडून पेनड्राइव्हवर संच मागून घ्या. दोन-तीन इयत्ता एकत्र बसत असतील तर कालरेषा घ्या, दोरीला चिठ्ठ्या अडकवायच्या. लहानांनी क्रम लावायचा, मोठ्यांनी कारण सांगायचं.

घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांबद्दल (समुद्रकाठची नव्हे, कोकणा समाजाची): आम्ही भाषांतर केलेलं नाही, तेवढी आमची भाषा नाही. पण शब्दार्थाच्या तक्त्यात ‘घरचा शब्द’ असा एक रकाना कोरा सोडला आहे. तो मुलांनी भरायचा. पेठच्या एका बाईंनी भरून आलेले तक्ते आम्हाला पाठवले, ते पुढच्या आवृत्तीत येतील.

एआयकडून वर्कशीट करून घेतलं तर चालेल का?

प्रश्नांचा कच्चा मसुदा करायला चालेल. माहितीसाठी नाही. आम्ही एकदा नाशिकच्या शिलालेखांवर दहा प्रश्न मागवले. सात ठीक होते, दोन ढोबळ आणि एकात कुठेच अस्तित्वात नसलेल्या लेखाचा उतारा होता, तोही मोठ्या आत्मविश्वासाने. खालच्या पट्टीत ‘माहिती कुठून’ हे लिहिता येत नसेल तर ते पान संचात येत नाही, मग ते यंत्राने लिहिलेलं असो की आमच्या मुख्याध्यापकांनी.

आमच्या गावाचा इतिहास संचात घालता येईल?

जरूर, पण ‘प्रभू रामचंद्र इथे थांबले होते’पासून सुरुवात नको. त्या आख्यायिका लिहा, आख्यायिका म्हणूनच लिहा. आम्हाला हवं आहे ते आजी-आजोबांकडे आहे. १९७२च्या दुष्काळाचा उपक्रम करून बघा. सिन्नर, येवला, नांदगाव या पट्ट्यात अजूनही सुकडी आणि लाल मिलो या दुष्काळातल्या खाण्याची आठवण सांगणारी माणसं आहेत. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या तलावावर खडी फोडली, मजुरी काय मिळाली, लेकरं कुठे ठेवली, असे साधे प्रश्न मुलांनी विचारायचे. त्यातूनच रोजगार हमीचा राज्याचा १९७७चा कायदा आणि देशाचा २००५चा कायदा शिकवता येतो. सातवीतल्या एका मुलीने आजीला विचारलं, ‘तेव्हा तू काय खाल्लंस?’ आजी म्हणाली, ‘आधी तुझ्या आजोबाला विचार, त्याला वाढून काय उरायचं.’ ते उत्तर आम्ही जसंच्या तसं छापलं आहे, नाव न देता. बोलणाऱ्याची परवानगी विचारा आणि नाव छापू नका, एवढी अट.

परीक्षेत यातलं काही येतं का?

नाही. दहावीच्या मुलांना मात्र साधनांच्या पानांचा उपयोग होतो, कारण त्यांच्या सध्याच्या पुस्तकात इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास आहे.

नवा अभ्यासक्रम येतोय. मग हे सगळं परत बदलणार?

इयत्तांचे क्रम बदलतील, म्हणून पानांना आता इयत्तेचा नव्हे तर विषयाचा क्रमांक दिला आहे. लेणी सहावीतून सातवीत गेली तरी उषवदाताचं व्याज तेच राहणार. एरवी तपासणी वर्षातून दोनदा: मे महिन्यात आणि दिवाळीत.

चूक सापडली तर काय करायचं?

पानाचा क्रमांक, चुकीचं वाक्य आणि बरोबर काय ते कुठे वाचलं, एवढं कळवा. ‘सगळं पानच चुकलंय’ असं कळवू नका, आम्ही रात्रभर जागतो. मुलांनी काढलेल्या चुकांची यादी संचाच्या शेवटी वेगळी दिली आहे, इयत्ता आणि तालुक्यासकट. सध्या त्यात नांदगाव पुढे आहे.

जुन्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याचं काय करू? रद्दीत देऊ?

प्रत्येक पानाची एक प्रत कपाटात ठेवा, वर पेनने ‘जुनं’ आणि साल लिहून. दहावीच्या वर्गाला जुनं-नवं पान शेजारी ठेवून फरक शोधायला दिलं तर एक तास छान जातो. बाकीच्यांची मागची बाजू कोरी आहे, गणिताच्या सरांना द्या.